सिंहगड: खरी परीक्षा उतरताना!

रविवारी पहाटे आतकरवाडीत पोचलात की गडाची पायवाट समोरच. आठवडाभर ऑफिसच्या खुर्चीला चिकटलेली पाठ इथे खडबडून जागी होते. चढताना, त्यातून खांद्यावर सॅक असेल तर, आपण पुढे झुकतो आणि धड सावरायचं काम मणक्यालगतचे लांब स्नायू करतात. पुणे दरवाजा येईपर्यंत ते पार दमतात. मग गंमत सुरू होते. पाठ थकली की पोटाचे स्नायू जास्त आवळले जातात, कणा डगमगू नये म्हणून! पण या दुहेरी ओढीने मणक्यावरचा दाबही वाढतो. उतरताना सुट्या मुरमावरून पाय सटकला, तर दमलेलं धड सावरायला उशीर होऊ शकतो.

म्हणून वर हात लावून लगेच खाली पळू नका. समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटरवर आलाच आहात, तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही होऊन जाऊ द्या. अर्धा तास पाठ टेकून बसा. सॅक उचलताना कंबर नव्हे, गुडघे वाकवा. टायमिंग मित्रांना सांगायला ठीक आहे हो. पाठ मात्र सोमवारी ऑफिसला न्यायचीय!