तंबोऱ्याची जवारी आणि घरचा संगणक

शाळेंतून निवृत्त होऊन मला आतां आठ वर्षें झालीं. एवढ्या अवधींत मी नवें असें कांहीं शिकलों असेन तर तें एवढेंच, कीं घरच्या संगणकावर गाणें चांगलें वाजावें म्हणून काय काय करावें लागतें. माझी विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतची. पुढें जें कांहीं झालें तें शास्त्रीबोवांच्या ओसरीवर, पाणिनि आणि कालिदास यांच्या संगतींत. विजेच्या तारांशीं माझा संबंध दिवा लावण्या-मालवण्यापुरता. तेव्हां या वयांत हा उद्योग कां आरंभिला, असा प्रश्न आमच्या एकत्र कुटुंबांतल्या लहानथोर सर्वांनीं मला आळीपाळीनें विचारला.

उत्तर अण्णांच्या डोळ्यांत होतें. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधु, वय अठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग गेला. कडेचें दिसतें, पण समोरचें अक्षर दिसत नाहीं. पहांटे पोथी आणि दुपारीं वर्तमानपत्र वाचल्यावांचून ज्यांचा एक दिवस गेला नाहीं, ते हात मांडीवर ठेवून खुर्चींत नुसते बसूं लागले. एके दिवशीं मला म्हणाले, "आतां कान तेवढे राहिले. आईचें गाणें आहे ना रे तुझ्याजवळ? तें एकदां नीट ऐकव."

आमची आई गात असे. मैफलींत नव्हे, घरांतच. पहांटे देवघराच्या उंबऱ्याशीं बसून ती तंबोरा लावी आणि पांघरुणांत पडल्या पडल्या आम्ही तिन्ही भावंडें ऐकत असूं. तंबोरा अर्थात् मिरजेचाच. बाहेरगांवच्या वाचकांसाठीं सांगतों, कीं आमच्या गांवांत तंतुवाद्यें करणाऱ्यांची सबंध गल्ली आहे, आणि येथल्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. लोक भोपळ्याचा आकार पाहतात; जाणता पाहतो ती जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानशीनें अगदीं बेतानें घांसून आणि तारेखालीं सुताचा धागा केसभर सरकवून कारागीर तार अशी बसवितो, कीं ती एका सुराबरोबर त्याच्या पोटांतले अनेक सूर सोडूं लागते. आईच्या तंबोऱ्याला जवारीसाठीं गल्लींत नेण्याचें काम अण्णांचें होतें, आणि पुढें पुढें धागा ते स्वतःच लावूं लागले.

१९८४ च्या दिवाळींत अण्णांनीं उसना टेपरेकॉर्डर आणून आईची एक कॅसेट भरली. १९९१ सालीं आई गेली. ती कॅसेट, रेडिओवरून उतरवून घेतलेलीं गाणीं, एक-दोन कीर्तनें, अशा सगळ्या मिळून चोवीस कॅसेटी घरांत होत्या. २००६ सालीं मी त्या एका दुकानदाराकडे नेल्या. चोवीस तासांचें सर्व गायन तो एका तबकडींत बसवून देणार होता, आणि खरखरहि काढून टाकणार होता. मला केवढें कौतुक वाटलें! तबकडी घरीं आली, लहानशी, चकचकीत. मग कॅसेटींना जागा कशाला, म्हणून मीं त्या रद्दीवाल्याला देवविल्या. "देवविल्या" हें क्रियापद मीं मुद्दाम घातलें आहे. अण्णा त्या वेळीं काशीला गेले होते.

गेल्या वर्षीं नातू पुण्यास शिकावयास गेला आणि त्याचा जुना संगणक माझ्याकडे आला. जातांना त्यानें मला पहिला पाठ दिला. "आजोबा, यांत गाणें नसतें, आंकडे असतात. आंकड्यांचें गाणें करणारें यंत्र तेवढें चांगलें घ्या." त्या यंत्राला डॅक म्हणतात. संगणकांत तशी सोय असतेच. परंतु तेथें आजूबाजूच्या विद्युन्मंडलांची कुरकुर स्वरांत मिसळण्याचा संभव असतो. म्हणून साडेसहा हजार रुपयांस हाताच्या पंजाएवढी बाहेरची पेटी आणली, ती यूएसबीच्या तारेनें संगणकाला जोडली, आणि तिच्यापुढें ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर. विक्रेत्याचा आग्रह होता कीं तारहि खास, नऊ हजारांची घ्यावी, म्हणजे स्वर मधुर होतो. मीं म्हटलें, आंकडा तारेंतून पोंचतो तरी किंवा पोंचत नाहीं तरी; तो गोड होऊन कसा पोंचेल? यावर त्यानें मला चहा पाजला, उत्तर दिलें नाहीं.

घरीं आल्यावर अडचणींस आरंभ झाला. पहिली अडचण म्हणजे संगणकाचा पंखा. मंद आलाप चालला असतां त्याची घरघर अशी कीं अण्णांनीं विचारलें, "हा भुंगा कोणीं आंत घेतला?" शेवटीं संगणक कोठीच्या खोलींत नेऊन ठेवला आणि भिंतीला भोंक पाडून तार माजघरांत आणली. ही तार पांच मीटरांहून लांब असूं नये, म्हणून भोंक नेमकें लोणच्याच्या बरण्यांच्या फळीमागें आलें. सौभाग्यवतींचें त्यावरील मत येथें देत नाहीं.

दुसरी अडचण सूक्ष्म होती. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले; त्यांची कबर आमच्याच दर्ग्यांत आहे, आणि त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकणें हें मिरजकराचें नित्यकर्म समजावें. तर खांसाहेब तारषड्जाजवळ येऊन ठेपले आणि मध्येंच 'टिंग' झालें. कोणाचें तरी पत्र संगणकाला आलें होतें. अण्णा म्हणाले, "खांसाहेबांनीं हा कुठला स्वर लावला?" त्यावरून चौकशी करतां कळलें, कीं विंडोजची व्यवस्था गाणें, घंटा, सूचना असे सगळे आवाज एका कढईंत ओतते, आणि तीं एकत्र यावीं म्हणून सर्वांच्या आंकड्यांचें एका ठराविक मापांत रूपांतर करते. तबकडीवर दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. कढईचें माप पुष्कळदां ४८,००० असतें. म्हणजे गाणें डॅककडे येण्यापूर्वींच एकदां भाषांतरित होतें. यावर उपाय फुकट मिळाला. 'फूबार २०००' नांवाचा वादक-कार्यक्रम आहे; त्यांत 'वासापी'चा एकाधिकाराचा मार्ग निवडला, कीं आंकडे जसेच्या तसे पेटींत जातात आणि त्या वेळीं दुसऱ्या कोणास आंत प्रवेश नसतो. संगणकांतला आवाज पुरता सोडून, कमी-अधिक करणें तें ॲम्प्लिफायरवर करावें.

तिसरी अडचण गुणगुणीची. गाणें नसतांनाहि स्पीकरांतून एक खर्ज सतत येई. अण्णांनीं बाजाची पेटी मागविली आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "हा पांढरी पांचच्या थोडा वर आहे." मी थक्क झालों, कारण आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां आंदोलन पावते, तिची गुणगुण १०० वर ऐकूं येते, आणि मंद्रांतली पांढरी पांच ९८ वर असते! आईचा स्वर काळी चार. म्हणजे तिच्या षड्जाला अगदीं खेटून, पण त्याला न मिळणारा असा एक स्वर तिच्या गाण्याखालीं सारखा राहिला असता. संगणक एका खोलींतल्या आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलींतल्या बटणावर लावल्यानें दोन अर्थिंगांमध्यें विजेचा फेरा तयार होतो, हें त्याचें कारण. एकानें सल्ला दिला कीं अर्थिंगची पीन कापून टाका. असें कोणीं करूं नये. तेथें गाण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. दोन्ही यंत्रें एकाच पाटावरून वीज घेऊं लागतांच गुणगुण थांबली.

स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढें घेतले, अण्णांची खुर्ची त्यांच्याशीं त्रिकोण साधेल अशी मांडली, आणि शहाबादी फरशीवर घरांत होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या अंथरल्या. एवढ्यानें जो फरक पडला तो त्या नऊ हजारांच्या तारेनें पडला नसता. नातवानें सुटींत येऊन आमच्या कानांचीहि परीक्षा घेतली. १५,००० कंपनांची शिट्टी त्याला ऐकूं आली, मला नाहीं. अण्णांची पाटी ८,००० च्या आधींच कोरी राहिली. शॅनननें १९४९ सालीं सिद्ध करून मांडलेल्या नियमाप्रमाणें सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले कीं तोंपर्यंतचें सर्व परत मिळतें. मानवी कानाची सीमा २०,००० धरली तरी ४४,१०० पुरेसे होतात. मग १,९२,००० नमुन्यांचें महागडें गाणें आम्हां म्हाताऱ्यांनीं कोणासाठीं विकत घ्यावें? पण तंबोऱ्याच्या जवारीचा मुख्य झणत्कार याच्या पुष्कळ खालीं असतो. तेवढे कान अण्णांना अजून आहेत.

एका रविवारीं सकाळीं सगळें घर माजघरांत बसलें. खांसाहेब ऐकले, हिराबाई ऐकल्या. जुन्या तबकड्यांची खरखर होती, पण तिच्यामागें माणूस बसला होता. मग मीं आईचें गाणें लावलें.

काय सांगावें! आजवर लहानशा रेडिओच्या पेटींतून तें कसेंबसें गोड लागत होतें. आतां प्रत्येक 'स'कार पाण्यांतून यावा तसा लडबडत येत होता, आईचा श्वास मध्येंच तुटत होता, आणि तंबोरा म्हणजे दूर कोठें तरी लांकूड ठोकल्यासारखा. सर्व यंत्रणा निर्मळ केल्यामुळें मळ तेवढा स्वच्छ दिसूं लागला. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "जवारी कोणीं उतरवली?"

मला कारण ठाऊक झालें होतें. तबकडीवरील पूर्ण स्वराला सेकंदास १,४११ हजार बिट लागतात. दुकानदारानें चोवीस तास बसवावयाचे म्हणून ६४ हजार दिले होते. बावीस भागांतले एकवीस टाकून दिले. एमपीथ्रीची युक्ति अशी, कीं मोठ्या आवाजाआड जो बारीक आवाज कानाला जाणवणार नाहीं तो टाकावा. उदार हातानें जागा दिली तर ती युक्ति खरोखर उत्तम चालते. परंतु इतक्या कंजूषपणें जाणवणारेंहि टाकावें लागतें. त्यांतून खरखर काढणाऱ्या उपायानें जवारीलाच खरखर समजून पुसलें असणार. यापेक्षां २००१ पासून उपलब्ध असलेलें फ्लॅक हें निराळ्या जातीचें आहे. पाणिनीनें 'अच्' असा दोन वर्णांचा प्रत्याहार केला. त्यांतून नऊच्या नऊ स्वर पुन्हां काढतां येतात, एकहि हरवत नाहीं. फ्लॅक हा प्रत्याहार आहे; जागा साधारण निम्मी लागते आणि मूळ अक्षरशः परत मिळतें. माझ्याजवळ होतें तें शाकुंतलाच्या सात अंकांचें कथासार, आणि मूळ नाटक मीं रद्दींत घातलें होतें.

तें मीं अण्णांना सर्वांसमक्ष सांगितलें. एकोणीस वर्षें त्यांचा समज होता कीं कॅसेटी माळ्यावर आहेत. ते रागावले नाहींत. रागावले असते तर बरें झालें असतें. उठून, भिंतीला हात लावीत, आपल्या खोलींत गेले.

आठवडाभर घरांत गाणें लागलें नाहीं. मग सूनबाईनें न विचारतां बेळगांवास ताईला दूरध्वनि केला. ताई आमची मधली बहीण. तिनें म्हणे १९८५ सालीं माहेराहून सासरीं परत जातांना आईच्या कॅसेटची एक प्रत करून नेली होती! ट्रंकेंत होती. टपालानें पाठव म्हटलें तर म्हणाली, "मी स्वतः घेऊन येईन. तुमचा भरंवसा नाहीं." आणि त्र्याहत्तराव्या वर्षीं एकटी गाडीनें आली.

प्रतीची प्रत ती. आवाज एकाच बाजूला, सत्तावीस मिनिटें. फितीवर दाब देणारा लोकरीचा तुकडा गळून पडला होता, तो पुतण्यानें दुसऱ्या कॅसेटचा काढून बसविला. एका कीर्तनकार स्नेह्याकडून कॅसेट-यंत्र आणि ध्वनि आंत घेणारी पेटी आणली, फीत जेथें घांसते तें तोंड स्पिरिटनें पुसलें. तरी आवाज घोंगडींतून यावा तसा. त्या तोंडाचा कोन फितीशीं बरोबर जुळला नाहीं तर वरचे स्वर मरतात. त्यासाठीं तेथें एक बारीक स्क्रू असतो. पुतण्या स्क्रू फिरवूं लागला आणि अण्णा खुर्चींत पुढें वांकले. "थोडा मागें... आणखी... पुढें नको... थांब!" उजव्या हाताचीं दोन बोटें ते हवेंत सरकवीत होते. धागा लावतांना सरकवीत तशींच.

चोवीस बिट, सेकंदास ९६,००० नमुने अशा मापानें भरून घेतलें. ऐकावयास एवढें लागत नाहीं, परंतु भरतांना कमी-जास्त झालें तर सांवरून घेण्यास जागा राहते. सत्तावीस मिनिटांना ९३३ मेगाबाइट झाले. मीं पूर्वीं चोवीस तासांना दिली होती त्याहून अधिक जागा. मग त्याचें फ्लॅक करून दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलें. खरखर काढली नाहीं.

खरखर पुष्कळ आहे. पण तिच्यांतून तंबोरा उठतो, जवारीसकट, आणि आई काळी चारचा षड्ज लावते. भूपाळी संपल्यावर ती कोणाला तरी म्हणते, "दूध बघा ग." दुकानदाराच्या तबकडींत येथें नुसती शांतता होती. ताईनें पदर डोळ्यांना लावला. अण्णा म्हणाले, "पुन्हां लाव," आणि आम्ही सकाळपासून दुपारच्या पानांपर्यंत तेंच लावीत होतों.

दुसऱ्या दिवशीं ताई निघाली. कॅसेट आतां देवघराच्या कपाटांत ठेवावी असें मीं सुचविलें, तर तिनें ती माझ्या हातून काढून घेतली, रुमालांत गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशीं घातली. "ऐकायला तुम्ही तुमचे आंकडे ठेवा," ती म्हणाली, "ही बेळगांवास जाईल."