रंगभवन आणि आमची बैठक

स्नेहसंमेलनाच्या तयारीची बैठक चालू होती. अकरावीची चार मुले भीतभीत आत आली. त्यांना सभागृहात पंधरा मिनिटे हवी होती, ड्रम आणि दोन इलेक्ट्रिक गिटार वाजवायला. सर्वांत आधी "नको" म्हणालो तो मी. कारणही भारदस्त दिले: ज्या इंदूरने उस्ताद अमीर खाँ यांची विलंबित लय ऐकली, तिथे हा धांगडधिंगा कशाला? मुले "बरं, सर" म्हणून गेली. घरी जाताना जेल रोडवर मला एकदम रंगभवन आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

१९८९ साली मी शिकायला मुंबईत होतो. ऑगस्टमध्ये मावसभाऊ म्हणाला, "चल, आमची मैफल दाखवतो." धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजजवळ रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जाझ यात्रा झाली आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक'. नुकतीच सर येऊन गेलेली. सगळीकडे काळे टी-शर्ट, त्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला मी एकटा! पहिली दोन गाणी कानांत बोटे घालून ऐकली. मग एका गिटारवाल्याची तार तुटली. तो नवी लावत असताना सगळे प्रेक्षक टाळ्यांनी ठेका धरून उभे राहिले. तो माझ्याच वयाचा होता. आमच्या घरी गाणे म्हणजे मोठ्यांसमोर मान खाली घालून ऐकायची गोष्ट, म्हणून तो ठेका मी अजून विसरलो नाही.

बहुतेक मुले परदेशी गाणीच वाजवत, लोकांनाही तीच हवी असत. स्वतःचे गाणे म्हणायला धीर लागे. 'रॉक मशीन'ने तो दाखवला. हीच मंडळी १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाली. न्यूयॉर्कला मात्र उलटे घडले. हिली क्रिस्टल यांनी १९७३ मध्ये कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज गाण्यांसाठी एक कळकट जागा काढली, नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'सीबीजीबी' ठेवले. आले मात्र 'रामोन्स'सारखे पोरसवदा वादक, आणि तिथे पंक वाढले: दोन-तीन कॉर्ड, धावता ठेका, रोखठोक शब्द. क्रिस्टल यांची अट एकच, गाणी स्वतःची हवीत. भाड्याच्या वादात २००६ मध्ये ती जागा बंद झाली.

रंगभवन त्याआधीच गप्प झाले होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र ठरवले. इथे तर कॉलेज आणि रुग्णालये दोन्ही जवळ. नियम चुकीचा म्हणवत नाही. आईच्या आजारपणात गल्लीतल्या डीजेविरुद्ध मी स्वतः तक्रार केली होती. 'इंडिपेंडन्स रॉक' पुढे दुसरीकडे गेला, पण रंगभवनची सर कशालाच आली नाही, असे मावसभाऊ अजून म्हणतो.

पुढच्या बैठकीत मी माझा "नको" मागे घेतला. वेळ दुपारची ठरली, पंधरा मिनिटेच, आणि अट मी घातली: एक गाणे तरी स्वतःचे हवे. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. "सर, अर्धं मराठी, अर्धं माळवी चालेल?"

पहिले कडवे मी ऐकले आहे. दुसरे अजून व्हायचे आहे.