शर्यत कुठे उभं राहून बघायची

माँट्रियलची सायकल शर्यत बघायला निघालेला नवखा माणूस आधी समाप्तीरेषा शोधतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना निकाल जिथे लागतो तिथेच बसायची सवय असते. पार्क अॅव्हेन्यूवर बॅरिकेडांची रांग, मोठा पडदा, दोन भाषांत घसा फोडणारे निवेदक, असा सगळा थाट असतो. पण शर्यतीचा शेवट ज्या रस्त्यावर होतो, तो रस्ता शर्यत बघायला सगळ्यात वाईट, असं माझं मत आहे. बरीच वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून या डोंगराभोवती फिरल्यावर ते अधिकच पक्कं झालंय.

हिशेबच करा. रेषेआधी साधारण 560 मीटरचा सरळ रस्ता आहे, चार टक्के चढाचा. दमलेले गडीसुद्धा तिथे जिवावर उदार होऊन ताशी पन्नास-पंचावन्नने येतात, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तुमच्या पुढे माणसांच्या तीन रांगा आणि त्यांचे वर केलेले फोन. मधल्या फटीतून जेमतेम वीस मीटर रस्ता दिसत असेल, तर शर्यतीचा कळस तुमच्या वाट्याला सव्वा सेकंद येतो. मग पडदा बघायचा. पडदाच बघायचा तर घरी चहा घेऊन बसलेलं काय वाईट?

ही शर्यत 2010 पासून सप्टेंबरात रविवारी होते. तिच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, क्युबेक शहरात तिची जुळी बहीण होते. माँट्रियलचा मार्ग म्हणजे 12.3 किलोमीटरचं एक वेटोळं, माउंट रॉयल या शहराच्या मधोमध बसलेल्या डोंगरावरून चढून उतरणारं. अलीकडे त्याच्या सतरा फेऱ्या असतात, म्हणजे 209.1 किलोमीटर. डोंगर म्हणायचा तो इथल्या लोकांच्या भाषेत, उंची सव्वादोनशे मीटरच्या थोडी वर. सह्याद्रीत त्याला कोणी टेकाडही म्हटलं नसतं. पण तेच टेकाड सतरा वेळा चढायचं म्हटलं की एकूण चढाई साडेचार हजार मीटरपर्यंत जाते.

फेऱ्यांची शर्यत ही बघणाऱ्यासाठी पर्वणी असते, हे मला पटायला वेळ लागला, कारण माझं बालपण खोपोलीचं. मुंबई-पुणे शर्यत आमच्या दारावरून जायची आणि ती एकदाच जायची. घाटमाथ्यावर पहिला पोचेल तो ‘घाटाचा राजा’. तेव्हा कुठे उभं राहायचं हा प्रश्न आम्हा पोरांत आठवडाभर चालायचा. गावात उभे राहिलो तर घोळका वाऱ्यासारखा निघून जाई, म्हणून आम्ही चढावर, शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चालत जायचो. एरवी तिथे ट्रकवाले गाडी न थांबवता नाणी टाकतात. शर्यतवाल्यांकडे नाणी नसत आणि नमस्कारापुरता हातही हँडलवरून सुटत नसे. पण तिथे त्यांचे चेहरे दिसायचे. सगळी विद्या तेवढीच होती: चढ गाठा. एक संधी, एक जागा. इथे दर एकोणीस-वीस मिनिटांनी तेच गडी पुन्हा समोर येतात, त्यामुळे जागेचा प्रश्न वेळेचाही होऊन बसतो. कुठे उभं राहायचं याबरोबर कितव्या फेरीला, हेही ठरवावं लागतं.

मुख्य चढ कामिल्यँ-ऊद रस्त्याचा: 1.8 किलोमीटर, सरासरी आठ टक्के. हे नाव शहराच्या एका जुन्या महापौराचं. सुरुवातीची रेषा ओलांडली की थोड्याच अंतरावर तो लागतो. इथे उत्तम स्पर्धकांचाही वेग ताशी बावीस-चोवीसवर येतो, सेकंदाला सहा-सात मीटर. वीस मीटरची तीच फट इथे तुम्हाला तीन सेकंद देते. तीन सेकंदांत माणूस वाचता येतो. तोंड उघडं आहे की मिटलेलं, खांदे हलताहेत का, मागचं चाक पकडून बसलेल्याला एक हाताचं अंतर राखता येतंय की ते वाढत चाललंय, हे सगळं दिसतं. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याची बरीच ताकद वाचते, म्हणून तिथे दमलेला माणूसही घोळक्यात लपू शकतो. चढावर वेग उतरतो, वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि आडोशाची किंमतही घसरते. मग ज्याचं त्याने ओढायचं. मी चढ निवडतो तो यासाठी.

पण चढ म्हटला तरी तो पावणेदोन किलोमीटरांचा. बहुतेक जाणकार वरच्या बेल्व्हेडेअरजवळ, म्हणजे शहर बघायच्या कठड्याजवळ, जमतात. तिथून पूर्वेकडे ऑलिंपिक स्टेडियमचा कललेला मनोरा दिसतो, फोटो छान येतात, आणि फेरी येईपर्यंत गप्पांना जागा असते. मी मात्र खालच्या तिसऱ्या हिश्श्यात उभा राहतो. एक कारण उजेडाचं. झाडांच्या पानांतून चेहऱ्यावर पडणाऱ्या कवडशांसारखा फोटोचा शत्रू नाही: एक डोळा उन्हात, एक अंधारात. दुपारनंतर सावली कुठे एकसारखी पडते हे आदल्या रविवारी, त्याच वेळी जाऊन बघून ठेवायचं. शटर हजारांश सेकंदावर ठेवलं तर घामाचा थेंबसुद्धा गोठतो, पण मग सायकल उभी असल्यासारखी दिसते. म्हणून मी मधल्या काही फेऱ्या साठांश सेकंदावर कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत घेतो. बहुतेक फोटो टाकाऊ निघतात. एखादा असा येतो की मागचं रान पुसून जातं आणि माणूस तेवढा उरतो. दुसरं कारण शेवटच्या फेरीचं, ते पुढे येईलच.

पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत कोणी काही बोलत नाही, म्हणजे शर्यत बोलत नाही. तीन-चार जण सुटून पुढे गेलेले असतात आणि मागचा घोळका त्यांना दोरी देऊन ठेवतो. या वेळेचा उपयोग मी घड्याळासाठी करतो. एखादा दिव्याचा खांब धरायचा. पुढचे तिथून गेले की वेळ लिहायची, घोळक्याचं पहिलं चाक आलं की पुन्हा लिहायची. पुढच्या फेरीला तेच. फरक वाढतोय की आटतोय, हे मोबाइलवरच्या आकड्याआधी तुमच्या वहीत येतं. घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या रंगाचे कपडे आहेत तेही टिपून ठेवायचं. प्रत्येक संघाचे सात जण. त्यांतले दोन-तीन जण फेरीमागून फेरी तोंडाशी राबताना दिसले, तर त्यांच्या नेत्याला आज काहीतरी करायचंय, हे समजावं.

मधल्या फेऱ्यांत एकदा पलीकडची बाजू बघून यावी. तिथे विद्यापीठाच्या आवारात पॉलिटेक्निकचा चढ आहे, लांबी 780 मीटर फक्त, पण त्यात दोनशेएक मीटर अकरा टक्क्यांचे. नकाशात ती जागा जवळ दिसते. मेट्रोने जायचं तर नारिंगी मार्गावरून जाँ-तालोंला गाडी बदलून निळ्या मार्गावर यावं लागतं, आणि त्यात एक-दोन फेऱ्या सहज निसटतात. पाय धड असतील तर डोंगरावरून चालत जाणं बरं. उद्यानरचनाकार ऑल्मस्टेडने आखलेल्या डोंगरावरच्या बागेतल्या वाटा अशा निवांत चढतात की घाईच्या माणसाला त्यांचा राग यावा. तिकडे गर्दी कमी, विद्यार्थी जास्त. परवाच्या शर्यतीला पुण्याहून शिकायला आलेला एक मुलगा माझ्याबरोबर होता.

“काका, शेवटाला खाली जायचं ना? नाहीतर जिंकलेलं दिसणार कसं?”

“जिंकताना दिसतं वर. खाली नुसता निकाल वाचून दाखवतात.”

“पण मित्रांना फोटो पाठवायचाय हो.”

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जागा पकडल्यावर कान उघडे ठेवायचे. आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं. ते आवाज करत एकाच ठिकाणी घुटमळत असेल, तर घोळका अजून डोंगराच्या मागे आहे. मग पोलिसांच्या मोटारसायकली, मग पंचांची गाडी. तेवढ्यात वही खिशात टाकायची. माणसं गेल्यावर संघांच्या मोटारी येतात, छपरावर सायकली रचलेल्या, आणि त्या चढावर आपल्या मागे पडलेल्या माणसाला बाटली देण्यासाठी वेग कमी करतात. ते बघण्यासारखं असतं. बाटली देणारा क्षणभर ती सोडतच नाही, आणि घेणारा तेवढ्यात फुकट ओढून घेतो. पंच बघत असतात, पण सगळं बघत नाहीत.

एक जागा मात्र कितीही रिकामी असली तरी घ्यायची नाही: उतार संपून वळण लागतं तिथली बाहेरची कड. घसरलेला माणूस सायकलीसकट तिकडेच येतो. आणि हातात फलक असेल तर तो छातीशी धरायचा. 2021 च्या टूर दि फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाने टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात धरला, आणि अर्धा घोळका जमिनीवर आला. मी लांब लेन्स वापरतो, त्यामागे फोटोइतकंच हेही कारण आहे.

शेवटच्या पाच फेऱ्यांत चढ सोडायचा नाही. त्या वेळी तहान, भूक, ओळखीची माणसं, सगळं बाजूला. 2024 ला तादेय पोगाचार शेवटून दुसऱ्या फेरीत याच रस्त्यावर सुटला तो एकटाच रेषेवर गेला. खाली उभ्या असलेल्यांना विजयाला हात उंचावलेले दिसले. वर उभ्या असलेल्यांना तो बसल्या जागेवरून वेग वाढवताना दिसला. मागच्यांपैकी कोणी उभं राहून पॅडल मारतंय, कोणी शेजाऱ्याकडे बघतंय, आणि त्या बघण्यातच सायकलभर अंतर पडलं. त्या महिन्याच्या अखेरीस तो झ्युरिकला जगज्जेता झाला. एकाच वर्षात इटलीची आणि फ्रान्सची मोठी शर्यत आणि जागतिक अजिंक्यपद, हे एडी मर्क्सने 1974 मध्ये पहिल्यांदा केलं होतं, आणि त्यातलं तिसरं त्याने जिंकलं ते याच डोंगरावर, रेमों पुलिदोरला मागे टाकून. दोन वर्षांनी ऑलिंपिकची शर्यतही इथेच झाली. तेव्हा इथे उभं राहून चढ बघणारे म्हातारे अजून भेटतात, आणि आमच्या काळी गडी जास्त खरे होते, हे इथलेही म्हातारे सांगतात.

आता खालच्या हिश्श्याचं ते दुसरं कारण. शेवटची फेरी चढून गेली की त्यांना रेषेवर यायला साधारण चौदा-पंधरा मिनिटं लागतात. बेल्व्हेडेअरजवळच्या माणसाला तेवढ्यात गर्दीतून उतरणं जमत नाही. खालच्या टप्प्यातला माणूस भरभर चालला तर पार्क अॅव्हेन्यूला पोचतो. पुढच्यांची डोकी दिसली तर दिसली, पण निदान आवाजात तरी सामील होता येतं. चढावरची शर्यत पोटभर बघून झाल्यावर शेवटाचा तो सव्वा सेकंदही हवासा वाटतो, हे मी मान्य करतो. 2025 ला पोगाचार आणि ब्रँडन मॅकनल्टी हे एकाच संघाचे दोघे बरोबरीने आले, आणि पोगाचारने सहकाऱ्याला पुढे जाऊ दिलं. ती गोष्ट कुठल्याही चढावरून दिसली नसती.

2026 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा माँट्रियलला आहे. आठवडाभर शर्यती, आणि अख्खं युरोप इथे उतरणार म्हटल्यावर माझ्या खांबाजवळ आधीच कोणीतरी तंबू ठोकलेला असणार. तरुणांच्या, बायकांच्या, पुरुषांच्या शर्यती वेगवेगळ्या दिवशी असतात. त्यातल्या पहिल्या, कमी गर्दीच्या दिवशी रस्ता ओळखून घ्यावा आणि शेवटच्या रविवारी पहाटे जागा धरावी, असा माझा बेत आहे. एकट्या-एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत मात्र वेगळी. तिथे चढाचं शास्त्र चालत नाही. ठरावीक अंतराने एकेक जण येतो, कोणी कोणाच्या मागे लपत नाही, आणि चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ, कारण तो लांबट शिरस्त्राणात बुडालेला असतो. त्या दिवशी आम्ही दोघं दोन ठिकाणी उभे राहणार आहोत, मी आणि तो पुण्याचा मुलगा. तो एका खांबाशी, मी काही किलोमीटर पुढच्या खांबाशी, आणि प्रत्येकाची वेळ फोनवरून एकमेकांना कळवायची. त्याने विचारलं, मग फोटो कोण काढणार? म्हटलं, त्या दिवशी कॅमेरा घरी, तू नुसता नंबर नीट वाच.