दिव्यांच्या पाट्यांची अडगळ

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरामागे एक कोपरा असतो. तिथे मोडकी तिफण पडलेली असते, मोटेचे चाक भिंतीला टेकवून ठेवलेले असते, गंजलेला फाळ असतो, बिनझाकणाचा पत्र्याचा डबा असतो. घरधनीण म्हणते, "एकदाचे हे सगळे भंगारवाल्याला देऊन टाका." घरधनी म्हणतो, "राहू दे, एखादा नट-बोल्ट कधीतरी कामाला येईल." या कोपऱ्याला आपण अडगळ म्हणतो.

आज तुम्हाला अशाच एका अडगळीत घेऊन जायचे आहे. ती आहे सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास वेगास शहरात. तिथे लोक तिकीट काढून अडगळ पाहायला येतात आणि तिच्यापुढे उभे राहून हौसेने फोटो काढून घेतात. तिचे नाव निऑन म्युझियम. जुन्या हॉटेलांच्या आणि दुकानांच्या, रात्री रंगीत दिव्यांनी झळकणाऱ्या पाट्या तिथे उघड्या आवारात मांडून ठेवल्या आहेत. त्या आवाराला तिथले लोक 'बोनयार्ड' म्हणतात, म्हणजे हाडांचे आवार.

कुरणाचे शहर

लास वेगास हे नाव स्पॅनिश भाषेतले. त्याचा अर्थ कुरणे. वाळवंटात झऱ्यांच्या पाण्यावर इथे थोडे गवत उगवे, म्हणून वाटसरूंनी हे नाव दिले. पाऊस म्हणाल तर वर्षाला सरासरी चार इंच. आपला माणदेशही त्यापुढे पाणीदार म्हणावा लागेल!

१५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने इथल्या जागांचा लिलाव केला आणि गाव वसले. १९३१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. नेवाडा राज्याने जुगाराला कायद्याने परवानगी दिली, आणि जवळच कोलोरॅडो नदीवर एका प्रचंड धरणाचे काम सुरू झाले. तेच आजचे हूव्हर धरण. धरणावर हजारो मजूर आले, पुढे धरणाची वीज आली, मोटाररस्ते आले. रस्त्यालगत जुगाराची हॉटेले उभी राहिली.

आता विचार करा. रात्रीची वेळ, सपाट वाळवंट, वेगाने जाणारी मोटार. चालकाने आपल्याच हॉटेलात थांबावे यासाठी मालकाने काय करावे? त्याने पाटी मोठी केली. शेजाऱ्याने त्याहून मोठी केली. असे करता करता पाट्या इमारतीपेक्षा उंच झाल्या.

हवेतून काढलेला वायू

या पाट्यांचा जीव म्हणजे निऑन वायू. तो आपल्या भोवतीच्या हवेतच असतो, पण फार थोडा. सुमारे ५५ हजार लिटर हवेत एक लिटर. १८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. नाव काय ठेवावे? रॅम्झे यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने 'नवा' या अर्थाचा लॅटिन शब्द सुचवला. वडिलांनी त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घेतला आणि वायू निऑन झाला. यातले ट्रॅव्हर्स पुढे आपल्या देशात आले. जमशेटजी टाटांच्या देणगीतून बंगळूरला जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक.

निऑनचा दिवा केला फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी. हवा थंड करून तिचे द्रव करण्याचा त्यांचा उद्योग होता. त्यात निऑन आपोआप शिल्लक राही. ताक घुसळताना लोणी वर यावे तसे. या शिलकीचे काय करायचे, या विचारातून त्यांनी तो काचेच्या नळीत भरला, वीज सोडली आणि १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लालभडक नळ्या लावून दाखवल्या.

निऑनचा स्वतःचा रंग केशरी-लाल. निळा हवा असेल तर नळीत आरगॉन वायू आणि पाऱ्याचा थेंब घालतात. बाकीचे रंग रंगीत काचेने किंवा नळीला आतून लावलेल्या पावडरीने मिळतात.

ही नळी वाकवायला यंत्र नाही. कारागीर काचेची सरळ नळी जाळावर तापवतो. ती मऊ झाली की खाली मांडलेल्या चित्रावर ठेवून अक्षराच्या वळणाने वाकवतो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून रबरी नळीने तोंडाने तिच्यात हळूच फुंकर घालतो. हात थरथरला की काच वाया. मग दोन्ही टोकांना विजेची जोडणी करायची, आतली हवा काढायची, जोरदार वीज सोडून नळी तापवून आतली घाण घालवायची, वायू भरायचा आणि तोंड बंद करायचे. दोन अक्षरांमधला जो भाग दिसायला नको असेल त्यावर काळा रंग फासायचा. कुंभाराचे चाक असो की सोनाराची फुंकणी, हे काम त्याच जातीचे. सारे कसब हाताचे आणि श्वासाचे.

अडगळ साठली कशी?

लास वेगासच्या पुष्कळ पाट्या हॉटेलांच्या मालकीच्या नव्हत्याच. पाट्या बनवणाऱ्या कंपन्या त्या भाड्याने देत आणि देखभाल करीत. यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी ही त्यातली मोठी. हॉटेल बदलले, नवी पाटी लागली की जुनी उतरवून कंपनीच्या आवारात आणून टाकायची. का? तर एखादा सुटा भाग पुढे कामाला येईल म्हणून! म्हणजे आपल्या घरधन्याचेच म्हणणे. त्यात जपणुकीचा विचार नव्हता, काटकसर होती.

पुढे दिवस पालटले. आतून उजेड पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पेट्या स्वस्त पडू लागल्या. त्यानंतर छोट्या छोट्या दिव्यांचे पडदे आले. जुनी हॉटेलेही एकेक करून सुरुंगाने उडवली जाऊ लागली. तेव्हा गावातल्या काही लोकांच्या लक्षात आले की इमारती गेल्या, पण त्यांच्या पाट्या अजून कंपनीच्या आवारात धूळ खात आहेत. १९९६ मध्ये निऑन म्युझियमची संस्था स्थापन झाली. तिने दुरुस्त केलेली पहिली पाटी होती हॅसिएंडा हॉटेलची, घोड्यावर बसलेल्या स्वाराची. ती भर रस्त्यात उभी करून पेटवली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री हॅसिएंडा हॉटेल जमीनदोस्त झाले. घर गेले, घोडेस्वार राहिला.

फाटकातून आत

संग्रहालयाचे आवार लोकांना खुले झाले २७ ऑक्टोबर २०१२ रोजी. तुम्ही आधी शिराल ते शिंपल्यासारख्या कमानींच्या एका इमारतीत. हा ला कोंचा नावाच्या मोटेलचा दर्शनी दिवाणखाना, १९६१ सालचा. मोटेल पाडायचे ठरले तेव्हा हा भाग आठ तुकडे करून २००६ मध्ये इथे आणला आणि पुन्हा जोडला.

त्याचे वास्तुशिल्पकार पॉल विल्यम्स. हे कृष्णवर्णीय गृहस्थ लहानपणीच आईबापांविना पोरके झाले. पुढे १९२३ मध्ये ते अमेरिकेच्या वास्तुशिल्पकारांच्या राष्ट्रीय संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. गोऱ्या गिऱ्हाइकाला त्यांच्या शेजारी बसायला संकोच वाटे. म्हणून ते टेबलाच्या पलीकडे बसत आणि समोरच्याला सुलट दिसावा असा नकाशा स्वतःकडून उलटा काढत. ही कला त्यांनी मुद्दाम शिकून घेतली होती.

मागच्या दाराने बाहेर पडलात की दोन्ही बाजूंना पाट्यांचे ढीग. दोनशेहून अधिक पाट्या इथे आहेत. अल्लाउद्दीनचा दिवा आहे. स्टारडस्ट हॉटेलची टोकदार अक्षरे आहेत. हे हॉटेल १९५८ मध्ये उघडले आणि २००७ मध्ये पाडले. सुमारे ८० फूट उंचीची गिटार आहे. मोठ्या हॉटेलांच्या जोडीला साध्या धंद्यांच्याही पाट्या आहेत. एका धोब्याच्या दुकानावरचा हसणारा सदरा आहे, जुन्या मोटारी विकणाऱ्याचे बदक आहे. पत्रा गंजला आहे, रंग उडाला आहे, पुष्कळ ठिकाणी काच फुटली आहे. कोरड्या हवेने लोखंड टिकले, पण उन्हाने रंग खाल्ला. थोड्याच पाट्या दुरुस्त करून पुन्हा पेटवल्या आहेत. बाकीच्यांवर खालून उजेड टाकतात.

फोटोसाठी संध्याकाळची वेळ चांगली. उन्हाळ्यात दिवसा पारा चाळीसच्या वर असतो आणि दिवे तर अंधारातच खुलतात. वाट सोडून जाऊ नये आणि पाट्यांना हात लावू नये, काच आणि गंजका पत्रा दोन्ही कापतात. संग्रहालयाने दुरुस्त केलेल्या आणखी काही पाट्या, उदाहरणार्थ सिल्व्हर स्लिपरची चंदेरी सपाता, बाहेर लास वेगास बुलेवार या हमरस्त्यावरच उभ्या आहेत. त्या पाहायला तिकीट लागत नाही.

एका पाटीपाशी थांबा

मात्र एका पाटीपाशी जरा जास्त वेळ थांबा. 'मुलाँ रूज' अशी वळणदार अक्षरे आहेत. हे हॉटेल १९५५ मध्ये उघडले. त्या काळी लास वेगासच्या मोठ्या हॉटेलांत कृष्णवर्णीय गायक रात्री रंगमंचावर गात, टाळ्या घेत. पण त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. गाणे संपले की त्यांना गावाच्या पश्चिमेकडच्या वस्तीत मुक्कामाला जावे लागे. ज्यांच्या गळ्यावर हॉटेल चाले, त्यांना तिथे पाठ टेकायला जागा नाही. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मुलाँ रूज हे सर्व वर्णांच्या लोकांना एकत्र बसू देणारे शहरातले पहिले जुगाराचे हॉटेल. ते त्याच वर्षी, काही महिन्यांतच बंद पडले. पण १९६० च्या मार्चमध्ये त्याच इमारतीत हॉटेलमालक, अधिकारी आणि कृष्णवर्णीयांचे पुढारी एकत्र बसले आणि मोठ्या हॉटेलांची दारे सर्वांना उघडण्याचे ठरले. आज ते हॉटेल नाही. पाटी आहे, म्हणून ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता येते.

ही पाटी काढली बेटी विलिस या बाईंनी. लास वेगासच्या वेशीवरची, साऱ्या जगाला फोटोंतून ठाऊक असलेली स्वागताची पाटीही १९५९ मध्ये त्यांनीच काढली. तिचा हक्क त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवला नाही. ती शहराला दिलेली भेट आहे असे त्या मानत. २०१५ मध्ये त्या वारल्या. कप, चाव्या आणि सदऱ्यांवर त्या पाटीचे चित्र छापून कितीतरी दुकाने आजही चालतात.

वाचकहो, एक गोष्ट विसरू नका. या पाट्या बहुतेक जुगाराच्या होत्या. त्यांचे काम वाटसरूला भुलवण्याचे. दिव्यावर पतंग यावा तशी माणसे आली आणि कितीजण खिसे रिकामे करून गेली. कुठलाही जुगारअड्डा जिंकणाऱ्यावर चालत नाही, हरणाऱ्यावर चालतो. आता वीज तुटलेल्या, जमिनीवर उतरवलेल्या या पाट्या कुणाला भुलवीत नाहीत. दिवसाच्या उजेडात त्यांच्यावरचे हात दिसतात. वाकवणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे, जोडणाऱ्याचे. हॉटेलांची नावे मोठ्या अक्षरांत आहेत, पण ज्यांनी काच वाकवली त्यातल्या बहुतेकांची नावे कुठेच नाहीत.

म्हणून अखेरीस तुमच्या घरामागच्या कोपऱ्याकडे परत येऊ. सगळेच जपायला कुणाकडे जागा नाही. भंगार हे भंगारात जायचेच. पण तिफण गाडीत टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारून ठेवा, की ही कोणत्या सुताराने केली, लाकूड कुठले, कोणत्या साली हिने पहिली पेरणी झाली. पोरांना ते वहीत लिहून घेऊ द्या. जमल्यास म्हातारबाबांना तिफणीजवळ उभे करून एक फोटोही काढा. सुताराचे नाव वहीत असले, तर तिफण गेली तरी ते घरात राहील.