छाट

विडी कामगार बायका दिवसभराचा माल घेऊन कारखान्यात जातात. तिथे बसलेला माणूस बंडलं हातात घेऊन उलटीपालटी करतो आणि मनाला न आलेल्या विड्या काढून बाजूला टाकतो. त्या बाजूला टाकलेल्या मालाला ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान, तंबाखू, दोरा, वेळ सगळं तिच्यात गेलेलं असतं, हिशेबात मात्र ती नसते.

माझं पोट पंचवीसेक वर्षं छाटीवरच चाललंय. मी संकलक आहे. दुसऱ्यांनी उन्हातान्हात घेतलेलं चित्रीकरण अंधाऱ्या खोलीत बसून मी छाटते. पण हा शब्द मी शाळेत शिकले नाही. तो मला सोलापूरच्या एका मावशींनी दिला, आणि तोही माझ्या चुका दाखवता दाखवता.

नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये होते. १९६० साली ही संस्था सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, त्यामुळे आमच्या वर्गांना एक वाडवडिलांचं दडपण असे. आंब्याच्या झाडाखाली बसून सिनेमावर कडाकडा भांडायचं, आणि रात्री संकलनाच्या खोलीत स्टीनबेकसमोर बसलं की सगळं शहाणपण गळून पडायचं. स्टीनबेक म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढं यंत्र. त्याच्यावर आडव्या थाळ्या, एकीवर चित्राची फिल्म, दुसरीवर आवाजाची चुंबकीय पट्टी, मध्ये वहीएवढा पडदा. पांढऱ्या ग्रीस पेन्सिलीने फ्रेमवर फुली मारायची, स्प्लायसरच्या पात्याखाली फिल्म कापायची, पारदर्शक टेपने जोडायची. उरलेले तुकडे खुंटीला अडकवून खाली कापडी झोळीत सोडायचे.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. म्हणजे एक सेकंद दीड फुटाचा. आजी कापड मोजायची ते कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तो ‘हात’ही दीड फुटाचाच. हे लक्षात आलं त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. काळ हातभर लांब असतो, कोपरावर ताणून मोजता येतो. आता संगणकावर बोटाच्या टिचकीसरशी दहा मिनिटं उडवते, तेव्हा कधीकधी तो कोपर आठवतो. दहा मिनिटं म्हणजे ९०० फूट. खरोखर कापून उचलायची झाली असती तर हात भरून आले असते.

बाकी जे शिकवतात ते शिकवलंच. ॲक्सिस तोडायची नाही. डावीकडे बघणाऱ्याला उत्तर देणारा उजवीकडे बघायला हवा. एखादी व्यक्ती वाक्य संपवते तिथे न कापता ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाक्य कळतं तिथे कापायचं. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी अजूनही मानते. पहिल्या दोन सांभाळायला आता सहायक असतात.

मग दूरचित्रवाणीसाठी माहितीपटाचा सराव आला. आठ मिनिटं, बीटाकॅम टेपवर. मी विषय घेतला सोलापूरच्या विडी कामगार बायकांचा. कॅमेऱ्यावर वर्गमित्र, आवाजाला मी, प्रश्न विचारायला मीच. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली लोकांची मोठी वस्ती आहे. यंत्रमागांची खटखट सकाळपासून सुरू असते, ती थांबायची वाट बघत बसलो असतो तर अजून तिथेच असतो.

मावशी उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली भिजवलेली पानं. पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, अंगठ्याखाली वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस झाल्या की बंडल. हे सगळं त्या बोलता बोलता करत होत्या, आणि नजर पूर्णवेळ हातांवर. मी विचारत होते ते विद्यार्थी विचारतात तसलं: तुम्हाला कसं वाटतं, तुमची स्वप्नं काय. त्या थांबायच्या, एखादी विडी पुरी करायच्या, मग उत्तर द्यायच्या. मध्येच आत सुनेशी तेलुगूत काहीतरी बोलायच्या. कॅमेरामन मित्राने हातांचे क्लोजअप भरपूर घेतले. हात सुंदर दिसत होते. काम करणाऱ्या बाईचे हात कुठल्याही उजेडात सुंदर दिसतात, म्हणूनच विद्यार्थ्यांना ते फार आवडतात.

पुण्याला येऊन मी संकलनाला बसले. टेपवरून टेपवर संकलन म्हणजे एक शिक्षाच होती. सगळे शॉट क्रमाने उतरवत जायचं. तिसऱ्या मिनिटाला एक शॉट दोन सेकंदांनी वाढवावासा वाटला, तर पुढची पाच मिनिटं पुन्हा उतरवा. त्यामुळे पहिल्या विचारालाच माणूस घट्ट चिकटून राहतो. मी ठरवलं होतं, फिल्म चटपटीत हवी. मावशींच्या बोलण्यातला प्रत्येक थांबा मी उडवला. ‘हां’, ‘म्हणजे’, श्वास, खोकला, सगळं. तेलुगू तर आधीच गेलं, कळत नव्हतं म्हणून. असं कापलं की चित्र उडी मारतं, मान इथली तिथे जाते. ती उडी झाकायला वर हातांचा शॉट टाकायचा, आवाज खाली तसाच चालू. जिथे जिथे कात्री लपवायची होती तिथे तिथे मी मावशींचे हात ठेवले. आठ मिनिटांत अकरा वेळा.

वर्गात फिल्म आवडली. हातांच्या वापराबद्दल विशेष कौतुक झालं.

दिवाळीच्या सुट्टीत व्हीएचएस कॅसेट घेऊन मी सोलापूरला गेले. शेजारच्या घरात टीव्ही आणि व्हीसीआर होता. दहाबारा बायका, पोरं, दारात उभी माणसं. फिल्म संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी काहीच बोलेनात. मग म्हणाल्या, “ही मीच काय?”

“हो मावशी.”

“एवढं भरभर मी कुठं बोलते ओ? माझ्या मागं कोण लागलं होतं?”

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पोटात काहीतरी खाली गेलं. मावशींनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. एका जागी त्यांनी बोट ठेवलं. “इथं पान कापते. लगेच दोरा. मधी वळली कुणी?” थोड्या वेळाने पुन्हा: “ही बांधलेली आहे ना? मग परत उघडी कशी?” शॉट ते शॉट सातत्य राखणं, ज्याला आम्ही कंटिन्युइटी म्हणत होतो आणि ज्याच्यावर एक आख्खा सराव आमच्याकडून करून घेतला होता, त्यातल्या चार चुका त्या बाईने आठ मिनिटांत काढल्या. वर्गात एकालाही त्या दिसल्या नव्हत्या. आम्ही हात बघत होतो, विडी कुणीच बघत नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, “अख्खा दिवस काढला तुम्ही. दाखवलं एवढंच. बाकीचं?”

मी म्हणाले, ते ठेवलं नाही.

“छाट म्हणा की.” मग त्यांनी छाट म्हणजे काय ते सांगितलं. “आमच्यात मालकाचा माणूस काढतो. तुमच्यात तुम्हीच काढता होय?”

त्या वर्षी आम्हाला ‘रिप्रेझेंटेशन’ या विषयावर निबंध लिहायचे होते. मराठीत त्याला ‘प्रतिनिधित्व’ म्हटलं की डोळ्यांसमोर विधानसभा येते. मला आपला साधा शब्द पुरेसा वाटतो: दाखवणं. ‘मुलगी दाखवणं’ यातला. त्या कार्यक्रमात मुलीला बसवायचं कुठे हे ठरलेलं, उजेड कुठून येईल ते ठरलेलं, प्रश्न कोण विचारणार ते ठरलेलं. पोहे आणणारे हात सगळे बघतात. ती काय बोलली, हे नंतर कुणाला आठवत नाही. मी निबंधात मात्र १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, आणि १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोघंही साळुंकेच, असं सगळं लिहिलं. खरंच आहे ते. चांगले गुणही मिळाले. सोलापूरच्या कॅसेटबद्दल एक ओळ लिहिली नाही.

त्याच सुमारास ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. दामले आणि फत्तेलाल यांचा, १९३६ चा, आमच्याच आवारातल्या प्रभातचा. लोक तो विष्णुपंत पागनीसांसाठी बघतात. मी त्या वेळी फक्त गौरीची जिजाई बघत होते. ती कामात असते आणि त्याच वेळी करवादते, नवऱ्याला बोलते, देवालाही सोडत नाही. तिचे हात एका शॉटमध्ये आणि तिचं तोंड दुसऱ्या शॉटमध्ये, असं तिला कुणी वाटून टाकलेलं नाही. कष्ट आणि संताप एकाच चौकटीत. साठ वर्षांपूर्वीच्या जड कॅमेऱ्याने जे केलं ते मी हलक्या कॅमेऱ्याने मोडून ठेवलं होतं.

पुढे मी मालिकांत शिरले. पोट होतं. रोजचा भाग, जाहिराती वगळून बाविसेक मिनिटं, संध्याकाळी चित्रीकरण आणि पहाटे संकलन, असे दिवस काढले. मालिकेत ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा असतो, इतका की सासूने एक वाक्य बोललं की सहा जणांचे चेहरे धाड धाड धाड दाखवावे लागतात. लोक याला हसतात. मी हसत नाही. त्यात एक हिशेब आहे आणि तो संकलकाला पाठ असतो: कुणाचा चेहरा आधी, कुणाचा तीनदा, कुणाचा नाहीच. स्वयंपाकघरातली बाई चहाचा ट्रे ठेवून मागे उभी असते. घरात वाटणी होते, मुलगी पळून जाते, मालक मरतो, आणि तिचा चेहरा काही येत नाही. आलाच तर विनोदासाठी, आणि बोली गावाकडची. एकदा मी तिचा चेहरा ठेवला, दीड सेकंद. तो भाग बघणाऱ्यांनी निरोप पाठवला की लोकांना वाटेल हिला काहीतरी माहीत आहे, कथेत तसं नाही, काढा. काढला. त्यांचं चुकीचं नव्हतं. दीड सेकंद चेहरा दाखवला की माणसाला काहीतरी माहीत असल्यासारखं वाटतंच.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ बघायला गेले तेव्हा हात सवयीने शिवशिवत होते. तिथे कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. माणसं येतात, कागद उलगडतात, तारीख घेतात, जातात. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे मालवतात, अंधार होतो. मालिकेतली मी तिथे केव्हाच कापलं असतं. शेजारचे दोघं सिनेमा संपला म्हणून उठलेसुद्धा. सिनेमा संपला नव्हता. त्या अंधारात बसल्याबसल्या मला मावशींचे थांबे आठवत राहिले. त्या थांबत होत्या तेव्हा काय करत होत्या? मी तर बघितलंच नव्हतं, नुसती त्यांची लांबी बघितली होती.

मूळ बीटाकॅम टेप कधीच पुसून दुसऱ्या कुणाला दिली गेली असणार. टेप महाग, तसंच चालायचं. पण कागदावर संकलन आखण्यासाठी मी सगळ्या चित्रीकरणाची व्हीएचएस कॉपी काढली होती, कोपऱ्यात टाइमकोडचे आकडे पळत असलेली. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर ती सापडली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी. ती साफ करून संगणकावर उतरवून घेतली. चित्र खालच्या बाजूला फाटतं, रंग तंबाखूचा झालाय, आवाज मात्र आहे.

मी विचारते, “नवरा काय करतो?” मावशी हातातली विडी पुरी करतात. सुपात ठेवतात. दुसरं पान घेत नाहीत. यंत्रमाग खटखटतो. मग मान आत वळवून सुनेला तेलुगूत काहीतरी सांगतात, पुन्हा पुढे बघतात, आणि या दिवसभरात पहिल्यांदाच हातांकडे नाही तर माझ्याकडे बघत म्हणतात, “होता गिरणीत.” हा मधला वेळ अकरा सेकंदांचा. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २७५ फ्रेम. माझ्या फिल्ममध्ये प्रश्नाला चिकटून लगेच उत्तर होतं. वर हात.

माझ्याकडे आता काम करतो तो मुलगा सोलापूरचाच आहे, घरी तेलुगू बोलतो. त्याला बोलावून ते अकरा सेकंद लावले. त्याने हेडफोन कानावर दाबून दोनदा ऐकलं.

“मॅडम, त्या सुनेला म्हणतायत, डाळीत पाणी वाढव, ही दोघं जेवून जातील.”

आम्ही जेवलो नव्हतो. टेपवर पुढे माझाच आवाज आहे, पुण्याच्या घाईत: नको मावशी, उजेड चाललाय.