तीन घास सावकाश

आमच्या मेसमध्ये जेवण हा परेडसारखाच वेळापत्रकाचा भाग असतो. घंटा होते, सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात, खुर्च्या एकदम सरकतात आणि वीस मिनिटांत ताटे रिकामी. सहावीत आलो तेव्हा मला ते जमत नसे. अकरावीपर्यंत मात्र 'सात मिनिटांत जेवणारा' म्हणून माझे नाव झाले आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला. तो अभिमान गेल्या मे महिन्यात पापनाशम् येथे उतरला.

पापनाशम् हे माझे आजोळ. तंजावरहून कुंभकोणम् येथे जाताना रेल्वेने हे गाव लागते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकी एक माझ्या आईचे. बाहेर तमिळ, घरात मराठी. आजीची मराठी आपल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून तिचे बोलणे मी येथे आपल्या बोलीत देतो.

पोहोचलो त्याच दिवशी आजीने केळीच्या पानावर जेवण वाढले. हात धुता धुता मी म्हणालो, "आजी, या वेळी डांगर करशील ना?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आत्ताच खाल्लंस की रे. दोनदा वाढलं."

माझ्यासाठी तिने आदल्या दिवशी उडीद भाजून, दळून पीठ केले होते. दह्यात कालवून वर फोडणी दिली होती. मी ते खाल्ले होते आणि मला कळलेही नव्हते. आजी रागावली असती तर बरे वाटले असते.

तरीही मी काही शिकलो नाही. माझा मामेभाऊ सहा वर्षांचा आहे. सगळे त्याला कुट्टी म्हणतात. तमिळमध्ये कुट्टी म्हणजे छोटा. तो समोर मोबाइल असल्याशिवाय जेवत नसे. मामीला सकाळी कामाची बस गाठायची असते, त्यामुळे तो चित्रे बघतो आणि ती घास भरवते, असे चालू होते. मला वाटले, इथे शिस्त हवी. तिसऱ्या दिवशी मामी गेल्यावर मी मोबाइल काढून घेतला, घड्याळ समोर ठेवले आणि फर्मावले, "दहा मिनिटांत पान साफ!"

कुट्टी रडत रडत जेवला. नवव्या मिनिटाला पान साफ झाले आणि दहाव्या मिनिटाला तो ओकला. नंतर दोन दिवस तो माझ्या जवळ फिरकला नाही. एरवी 'अण्णा, अण्णा' करत माझ्या बुटांना पॉलिश करायला बसणारा मुलगा मी खोलीत शिरलो की आजीच्या मागे लपू लागला.

आजी मला एवढेच म्हणाली, "काय वाढायचं आणि कधी वाढायचं, ते आपण ठरवायचं. किती खायचं, ते ज्याचं पोट त्याला ठरवू दे."

पुढे शाळेत परतल्यावर वाचनात आले, की एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल जवळजवळ हीच वाटणी सांगितली आहे. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात, हेही समजले. म्हणजे सात मिनिटांत जेवणाऱ्याला आपले पोट भरले की नाही, हे जेवताना कळतच नाही!

दुसऱ्या दिवसापासून आजीने रात्रीच्या जेवणाचा नियम केला. सगळ्यांचे मोबाइल फडताळात, मामाचासुद्धा. पाने मांडल्यावर मीठ वाढण्याचे काम कुट्टीचे. पहिले तीन घास कोणी बोलायचे नाही. मग प्रत्येकाने आपल्याला काय लागले ते सांगायचे. "पुरे" म्हणणाऱ्याला आग्रह नाही.

पहिल्या रात्री कुट्टीने नुसता दहीभात खाल्ला आणि मोबाइलसाठी रडला. दुसऱ्या रात्रीही तेच. मामी काळजीत पडली, पण आजीने नियम मोडला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने आम्हाला तिरुप्पालैत्तुरैच्या मंदिरातले नायकांच्या काळातले विटांचे भव्य धान्यकोठार दाखवले. एवढे भात कोणी खाल्ले असेल, असे कुट्टी विचारत राहिला. रात्री तीन घास झाल्यावर तो एकदम म्हणाला, "सांबारात चिंच आहे. आणि गूळ पण!" गूळ मला लागलाच नव्हता. मी पुन्हा चव घेतली. होता.

मामा म्हणाला, की तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने सतराव्या शतकात आहारावर एक संस्कृत ग्रंथ लिहिला गेला. त्याचे नाव 'भोजनकुतूहल'. मला ते नाव फार आवडले. कुट्टीला मी धाक दाखवला होता. आजीने त्याचे कुतूहल जागे केले.

सगळे सुधारले असे नाही. सकाळी घाईच्या वेळी मोबाइल अजूनही लागतो, असे मामी सांगते. पण निघायच्या दिवशी कुट्टीने माझ्या पानावर मीठ वाढले आणि माझ्या शेजारीच जेवायला बसला. आजीने पुन्हा डांगर केले होते. या वेळी भाजलेल्या उडदाचा वास, दह्याचा आंबटपणा आणि मागून येणारी हिरवी मिरची, सगळे कळले.

मेसमधली वीस मिनिटे वीसच राहणार. सैनिकाला वेळेवर उठावे लागते आणि ते योग्यच आहे. पण त्यातले पहिले तीन घास मी सावकाश खातो. शेजारचा सहावीतला कॅडेट मागे राहिला तर त्याला घाई करत नाही.

रविवारी घरी फोन लावतो तेव्हा कुट्टी मध्येच फोन ओढून घेतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "अण्णा, आज सांबारात काय होतं?"

उत्तर देता यावे म्हणून मी लक्ष देऊन जेवतो.