झोपेत मी दात खाते

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाताना माझी खालची दाढ तुटली. दाण्याच्या कुटात खडा आला असेल असंच वाटलं. जिभेवर आलेला पांढरा तुकडा हातात घेतला, तर तो खडा नव्हता, माझा दात होता. आणि मऊ खिचडी खाताना दाढ तुटते कशी, हे मला कळेना.

दंतवैद्यांनी तुटल्या दाढेकडे एकदा पाहिलं आणि बाकीचे दातच जास्त वेळ पाहत बसले. मग आरसा हातात दिला. सुळ्यांची टोकं सपाट झाली होती. गालाच्या आतून, दात मिटतात त्या रेषेवर, पांढरी रेघ उमटली होती. जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते. "सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात?" त्यांनी विचारलं. दुखत होती, दोन-अडीच वर्षं तरी. पित्त समजून मी उपास कमी केले, चष्म्याचा नंबर तपासला, कान ठणकतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ निघाला. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, त्याचं दुखणं कानातलं वाटू शकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"झोपेत दात खाता, हे घरात कुणी सांगितलं नाही?"

हे बाहेर बाकावर बसले होते. परतताना मी विचारलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "खातेस. जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो. तुझी आई आजारी होती ना, तेव्हापासून. तुझ्या डोक्याला आणखी एक कशाला, म्हणून बोललो नाही."

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. इतक्या रात्री हा माणूस शेजारी जागा राहून ऐकत होता, आणि मला पत्ता नव्हता. राग आला, आणि त्याहून जास्त भरून आलं.

लहानपणीही मी दात खायचे. पोटात जंत झालेत म्हणून आजी वावडिंगाचं पाणी पाजायची. मुलांमध्ये हे पुष्कळ दिसतं आणि बहुतेकांचं मोठेपणी आपोआप थांबतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण माझ्या मनात दुसरीच बोच होती. आपल्याकडे दातओठ खाणं म्हणजे संताप. मग झोपेत मी कुणावर संतापते? आईच्या आजारपणात जे गिळलं, तेच रात्री बाहेर पडत होतं का?

याचं उत्तर मला शब्दांपेक्षा झोपेच्या माहितीतून मिळालं. झोप मध्येच क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि लगेच जबड्याचे स्नायू आवळले जातात. त्यात माझ्या इच्छेचा हात नसतो. ताणाने ते वाढू शकतं, पण चहा-कॉफी, तंबाखू, दारू, नैराश्यावरची काही औषधं यांचाही वाटा असू शकतो. झोपेत श्वास अडकण्याशीही त्याचा संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी यांना खोदून विचारलं: ही घोरते का, घोरताना श्वास अडकतो का? २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी असंही मांडलं की, एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत या सवयीला आजार म्हणू नये. हे वाचून मला खरंच हलकं वाटलं. तरी दात झिजतात ते झिजतातच. ते परत येत नाहीत.

दाढेवर कॅप बसली आणि रात्रीसाठी ॲक्रिलिकची कडक प्लेट मिळाली. ती सवय थांबवत नाही, दातांच्या मध्ये राहून त्यांना वाचवते. पहिले आठ दिवस लाळेने उशी भिजायची, दोनदा तर झोपेतच काढून टाकली. मग जमलं.

दिवसाचं मात्र मला धक्कादायक होतं. ओठ मिटलेले असले तरी आतले दात एरवी एकमेकांना लागायचेच नसतात, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर समजलं. पतसंस्थेत नोटा मोजताना, सुईत दोरा ओवताना, स्कूटर सिग्नलला उभी असताना मी दात घट्ट आवळून असायचे. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात मी एक लाल टिकली चिकटवली. ती दिसली की दात सुटे करायचे, खांदे खाली सोडायचे. पहिल्या दिवशी टिकली दिसेल तेव्हा दर वेळी दात आवळलेलेच सापडले.

आठ महिन्यांनी प्लेट उजेडाकडे धरली, तर उजव्या बाजूला खाच पडली होती. म्हणजे रात्रीचं चालूच होतं. मी हिरमुसले. डॉक्टरांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तुमच्या दाढेवर पडलं असतं."

आता यांनी लपवायचं नाही, असं ठरलंय. सकाळी चहा ठेवताना मी विचारते.

"तीनच्या सुमारास," हे सांगतात, "थोडाच वेळ. मग कुशीवर वळलीस."

मी प्लेट गार पाण्याखाली धरून मऊ ब्रशने घासते आणि डबीत ठेवते.